मध्यान्हीचा ठिपका : गच्चीवरच्या प्रकल्प नोंदी, नाशिक

१५ डिसेंबर २०२४

वर्षभर मध्यान्हीच्या सूर्याचा ठिपका कुठे पडतो त्याच्या खुणा करायच्या आहेत, त्यासाठी गच्चीवर कडप्पा बसला एकदाचा. चार फूट बाय दीड फूट. गच्चीला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला असतो, त्यामुळे नुसत्या गच्चीवर माप घेण्यात काही अर्थ नाही. लेव्हल नळी लावून चारही कोपरे बघितले आणि जिथे कमी तिथे खाली माल भरला. सेक्रेटरीसाहेबांची अट एकच : गच्चीला भोक पाडायचं नाही. कडप्प्याचं वजनच पुरेसं आहे, हलत नाही.

वर अँगलचा स्टँड. त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी, पट्टीला ३ मिलिमीटरचं भोक, आणि भोक कडप्प्यापासून बरोबर १००० मिलिमीटर उंच. भोकातून ओळंबा सोडला आणि जिथे टेकला तिथे पंचने खूण केली. ही शून्याची जागा. दक्षिणेकडे दहा सेंटिमीटर सोडले, बाकी सगळी फरशी उत्तरेकडे.

काठी का नाही, हे तिसऱ्या मजल्यावरच्या सईने विचारलं. (सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला 'ऋतू कसे होतात' हा विषय मिळालाय, आणि मला निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग हवाच होता.) तिला पाईप उभा करून दाखवला. सावलीचं टोक नेमकं कुठे संपतं ते सांग म्हटलं. तिने एकदा इथे बोट ठेवलं, एकदा तिथे. मीटरभर उंच पाईपच्या सावलीचं टोक सध्या दीड-पावणेदोन सेंटिमीटरभर धूसर आहे. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे ती. पाईपचं टोक काही ठिकाणी सगळी थाळी झाकतं, काही ठिकाणी अर्धी, काही ठिकाणी नुसती कड. भोकातून मात्र सूर्याची आख्खी प्रतिमा खाली पडते आणि तिचा मध्य काढता येतो. जन्मभर टूलरूममध्ये काढल्यावर सावलीचं माप 'अंदाजे' लिहायला हात धजत नाही.

उत्तर दिशा होकायंत्राने काढली नाही, स्लॅबमधल्या सळ्या सुई हलवतात. जुनी शंकूची, म्हणजे उभ्या काठीची पद्धत वापरली : काठीच्या पायाभोवती वर्तुळ, सकाळी सावली वर्तुळाला शिवते तो बिंदू, दुपारी पुन्हा शिवते तो बिंदू, दोन्ही जोडले की पूर्व-पश्चिम. त्यावर गुण्या लावला की उत्तर-दक्षिण. शून्यातून जाणारी ही उत्तर-दक्षिण रेघ म्हणजे मध्यरेषा.

२१ डिसेंबर २०२४

अयनदिन, सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तो दिवस. ठिपका मध्यरेषेवर १२ वाजून ३३ मिनिटांनी आला. घड्याळाचे बारा आणि नाशिकचे बारा यांचा संबंध नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७३.८ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण सरासरी ३५ मिनिटं मागे.

शून्यापासून ठिपक्याचा मध्य ९४.६ सेंटिमीटर. ठिपका गोल नाही, उत्तर-दक्षिण ताणलेला लंबगोल आहे, कारण किरण तिरके येतात. ९४.६ भागिले १००, त्याचा व्यस्त टॅन (गुणोत्तरावरून कोन काढायचं गणित) साधारण ४३.४ अंश. नाशिकचा अक्षांश २०. वजा केले, राहिले २३.४. पृथ्वीच्या आसाचा कल पुस्तकात २३.४४ लिहिलाय. सईने कॅल्क्युलेटर दोनदा पुसून पुन्हा केलं.

खुणा नेलपॉलिशच्या. लाल खूण : सूर्य मध्यरेषेवर असताना. निळी खूण : घड्याळात १२.३५ वाजता, वर्षभर त्याच वेळी. सुनबाईंच्या दोन बाटल्या जप्त.

४ जानेवारी २०२५

आज पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ. १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. आणि निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवायचे हे दिवस. 'सूर्य जवळ आला की उन्हाळा' हे ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय (सोसायटीत बहुतेक सगळ्यांच्या, एक इंजिनिअर धरून), त्यांच्यासाठी आज वेगळं माप घेतलं.

छोट्या आरशावर कागद चिकटवला, कागदाला ५ मिलिमीटरचं भोक. आरसा गच्चीवर, कवडसा जिन्याच्या अंधाऱ्या खोलीत, मध्ये बरोबर १० मीटर. भिंतीवर सूर्याची गोल प्रतिमा पडते. कड धूसर असल्यामुळे व्हर्नियर लावण्यात शहाणपण नाही. ट्रेसिंग पेपरवर एकाआत एक वर्तुळं काढून घेतली आणि कुठल्या वर्तुळात प्रतिमा नीट बसते ते पाहिलं. मी एकदा, सईने एकदा, तिच्या भावाने एकदा, एकमेकांचा आकडा न बघता. भोकाची रुंदी वजा करून व्यास साधारण ९५ मिलिमीटर.

जुलैत पुन्हा मोजायचं. ढगांनी मोजू दिलं तर.

७ जानेवारी २०२५

रात्री दहा बाय पन्नासची दुर्बीण टाकीच्या कठड्यावर टेकवून गुरू बघितला. रोहिणीजवळ आहे, चुकायचं काम नाही. हात टेकवले नाहीत तर काही दिसत नाही. टेकवले की गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके, त्याचे चंद्र. मुद्दाम आजची तारीख निवडली, कारण १६१० साली ७ जानेवारीलाच गॅलिलिओने हे पहिल्यांदा टिपलं होतं. त्याला त्या रात्री तीन दिसले, चौथा काही दिवसांनी कळला.

मुलांनी वहीत रोज चित्र काढायचं ठरवलं आहे. आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, युरोपा साडेतीन, गॅनिमीड सात, कॅलिस्टोला पावणेसतरा लागतात. पहिल्या तिघांचं गणित जवळजवळ एकास दोनास चार आहे. गॅनिमीड बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे, हे ऐकून सईचा भाऊ म्हणाला, "मग काका, बुधालाच कुणाचा तरी चंद्र करायचा ना." मोठं-लहान यावर ग्रह ठरत नाही, कुणाभोवती फिरतोय यावर ठरतं. पण मुद्दा त्याने बरोबर काढला होता.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. येवल्याहून आणलेले पतंग, स्पीकर, तिळाच्या वड्या. मांजा स्टँडला अडकून पट्टी हलली, ओळंबा सोडून पुन्हा बसवली. (नायलॉन मांजावर बंदी आहे, हे दरवर्षी सांगायचं आणि दरवर्षी कुणीतरी आणायचा.)

लाल खूण ८७.८ सेंटिमीटरवर. म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकायला लागून तीन आठवडे उलटून गेलेत आणि ठिपका सात सेंटिमीटर आत आला आहे. 'आजपासून उत्तरायण' असं पतंगवाल्यांपैकी एकाने सांगितलं, त्याला फरशीवरच्या खुणा दाखवल्या. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि अयनदिन एकाच सुमाराला येत. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ताऱ्यांवरून धरलेली संक्रांत दर ७२ वर्षांनी एखाद्या दिवसाने पुढे सरकते. आता अंतर २४ दिवसांचं झालंय.

त्याने दुसरा प्रश्न टाकला तो मला जास्त आवडला : मग सकाळ अजून उशिराच का होतेय? खरं आहे. नाशिकला सगळ्यात लवकरची संध्याकाळ नोव्हेंबरच्या शेवटी होऊन जाते आणि सगळ्यात उशिराची सकाळ जानेवारीच्या मध्यावर येते. दिवस लहानात लहान २१ डिसेंबरच्या आसपास असतो, जवळजवळ अकरा तासांचा. पण या दिवसांत मध्यान्हच रोज थोडी पुढे ढकलली जाते, आणि ती सूर्योदय-सूर्यास्त दोघांनाही सोबत ओढते. निळी खूण त्याचसाठी ठेवली आहे. ती लाल रेषेच्या पश्चिमेला सरकायला लागली आहे.

४ फेब्रुवारी २०२५

मुलांच्या वहीत गुरू गेले काही आठवडे रोहिणीच्या संदर्भाने पश्चिमेकडे सरकत होता. आता थांबलाय. पंचांगात आज 'गुरू मार्गी', म्हणजे पुन्हा सरळ, पूर्वेकडे. गुरू उलटा फिरत नाही. आतल्या, जास्त वेगाच्या कक्षेतून आपण त्याला मागे टाकतो तेवढे महिने तो मागे जाताना दिसतो. मंगळाचंही सध्या तेच चाललंय, तो १६ जानेवारीला सूर्याच्या बरोबर समोर होता.

नाशिककराला गुरूची ओळख वेगळी करून द्यायची गरज नाही, नुसती आठवण करून दिली की पुरे. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ. बारा राशी, एका राशीत सुमारे एक वर्ष, म्हणून बारा वर्षं. आत्ता गुरू वृषभेत, सूर्य मकरेत, म्हणून प्रयागला कुंभ चालू आहे. आपला २०१५ चा झाला, पुढचा २०२६-२७. वृषभ, मिथुन, कर्क, सिंह : मुलांनी बोटांवर मोजलं. रामकुंडावर लाखो लोक ज्या तारखांना उतरतात त्या एका ग्रहाच्या कक्षेवरून ठरतात, ही गोष्ट मी चाळीस वर्षं शहरात राहून कधी अशी मांडून बघितली नव्हती.

एक गोम आहे. गुरूची फेरी पुरी बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची. सात फेऱ्यांना ८४ ऐवजी ८३ वर्षं लागतात. म्हणून कधीतरी एखादा कुंभ अकराव्या वर्षीच येतो. हिशेब आभाळाचा, आपला कॅलेंडरचा बारा हा आकडा फक्त जवळपासचा.

११ फेब्रुवारी २०२५

निळी खूण मध्यरेषेच्या ७ सेंटिमीटर पश्चिमेला. सूर्य आज मध्यावर येतो १२.४९ ला. याहून उशीर वर्षात होत नाही. कारणं दोन : पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ असल्याने तिचा वेग बदलतो, आणि आस कललेला असल्याने सूर्याचं पूर्वेकडचं सरकणं रोज सारखं नसतं.

२० मार्च २०२५

विषुवदिन, सूर्य बरोबर विषुववृत्तावर. ३६.४ सेंटिमीटर. व्यस्त टॅन २० अंश. आज आसाच्या कलाचा काही भाग नाही, थेट नाशिकचा अक्षांश फरशीवर उतरला.

ठिपका आता रोज आठ-आठ मिलिमीटर पळतोय. डिसेंबरात पाच दिवसांत तीन मिलिमीटरही हलत नव्हता. 'अयन' जवळ आलं की सूर्य अडखळतो आणि विषुवावर धावतो, हे वाचलं होतं, पण खुणांमधली मोकळी जागा बघितल्यावर ते पटतं. मार्चमध्ये ऊन एकदम कसं चढतं, याचं अर्धं उत्तर त्या मोकळ्या जागेत आहे.

कोल्हापूरला मेहुणे. त्यांना फोन करून मीटरभर काठीची सावली मोजायला लावली. कोल्हापूर नाशिकच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, नकाशावर उत्तर-दक्षिण अंतर ३६७ किलोमीटर. "दाजी, ३०.३ भरली, पण टोक लई फिस्कटलंय." फिस्कटणारच. ३०.३ म्हणजे १६.८६ अंश. फरक ३.१४ अंश. ३६७ गुणिले ३६०, भागिले ३.१४ : पृथ्वीचा परीघ सुमारे ४२ हजार किलोमीटर. खरा ४० हजार. काठीच्या टोकावरच्या तीन मिलिमीटर धूसरपणाची किंमत दोन हजार किलोमीटर! पुढच्या विषुवाला त्यांना भोकाची पट्टी कुरिअर करणार आहे.

१३ एप्रिल २०२५

लाल आणि निळी खूण आज एकावर एक. या खुणेला गोल करून ठेवला.

२७ एप्रिल २०२५

सकाळी सहाला गोदापार्क. एकास हजार कोटी या प्रमाणात सूर्यमाला मांडली. सूर्य १४ सेंटिमीटरचा, पिवळा पुठ्ठा कापून झाडाला टांगला. ५.८ मीटरवर बुध, खसखशीचा दाणा. शुक्र ११ मीटरवर आणि पृथ्वी १५ वर, दोन्ही राजगिऱ्याचे दाणे, चिकटपट्टीवर. पृथ्वीपासून ३.८ सेंटिमीटरवर पेनाने टिंब : चंद्र. माणूस आजवर गेला तो एवढाच, दोन पेरांपलीकडे. २३ मीटरवर मंगळ, पुन्हा खसखस.

इथपर्यंत मुलांना मजा वाटत होती. गुरू ७८ मीटरवर (१४ मिलिमीटरचा बेअरिंगचा छर्रा), शनी १४३ वर (१२ मिलिमीटरचा). चालणारे लोक थांबून विचारायला लागले, काय हरवलंय का. युरेनस २८७ मीटरवर, ५ मिलिमीटरचा छर्रा. नेपच्यूनसाठी ४५० मीटर चालायचं म्हटल्यावर दोघं खाली बसले. तिथवर एकच यान गेलंय, व्हॉयेजर २, १९८९ मध्ये.

पुस्तकातलं चित्र खोटं का, ते इथे कळतं. पानावर ग्रह दिसावेत म्हणून अंतरं गिळलेली असतात. सईने आणखी एक गणित काढलं : या प्रमाणात प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ सेंटिमीटर. मग ती पुठ्ठ्याच्या सूर्यापासून राजगिऱ्याच्या दाण्यापर्यंत त्या वेगाने बोट सरकवत निघाली. आठ मिनिटं आणि वर वीस सेकंद लागतात. तिने ती पूर्ण केली. बाकीचे तोवर पोहे खाऊन आले.

१९ ते २१ मे २०२५

शून्य सावलीसाठी दहा-बारा जण जमले होते. नाशिकला सूर्य बरोबर डोक्यावर येतो २० मे आणि २३ जुलैला. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या सगळ्यांना असे दोन दिवस मिळतात, उत्तरेच्या दिल्लीला एकही नाही.

१९ ला स्वच्छ ऊन. १२.३१ ला ठिपका शून्याच्या ३ मिलिमीटर उत्तरेला, आणि आता पूर्ण गोल. बायकांनी बाटल्या, डबे, पेले उभे करून ठेवले होते, सावल्या सगळ्या बुडाखाली गेल्या. २० ला सकाळपासून आभाळ भरलेलं, दुपारी वळवाच्या सरी. लोक हिरमुसून खाली गेले. २१ ला ढगांच्या फटीतून मिळालं तेवढ्यात मोजलं : शून्याच्या ४ मिलिमीटर दक्षिणेला.

माझ्या दृष्टीने हे बघण्यापेक्षा चांगलं झालं. आदल्या दिवशी उत्तरेला, नंतरच्या दिवशी दक्षिणेला, म्हणजे मधल्या दिवशी ठिपका शून्य ओलांडून गेला, ढगांच्या आड का होईना. दोन बाजूंनी मापून मधलं पकडणं ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. गो गेज, नो-गो गेज : एक आत जायला हवा, दुसरा जाता कामा नये.

आता दोन महिने भरदुपारी सूर्य आपल्या उत्तरेला. दक्षिणेच्या खिडकीत भर दुपारी ऊन नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, त्या पापड उत्तरेच्या गॅलरीत वाळत घालतात ते उगाच नाही.

२१ जून २०२५

ढग. शून्याच्या दक्षिणेला ६ सेंटिमीटरवर खूण यायला हवी होती. दिवस मात्र १३ तास २० मिनिटांचा. सगळ्यात मोठा दिवस आणि पंखा बंद. सूर्य सर्वांत जास्त देत असताना आपल्याकडे पाऊस पडदा टाकतो, म्हणून आपला उन्हाळा जूनमध्ये नसून एप्रिल-मेमध्ये.

८ जुलै २०२५

दुपारी अर्धा तास उघडलं. धावत जाऊन आरसा लावला. दहा मीटरवर सूर्याचा व्यास ९२ मिलिमीटर. जानेवारीत ९५ होता. सईच्या भावाचा आकडा ९१.५ आला, तोही लिहून ठेवतो.

३-४ जुलैच्या रात्री पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर होती, १५ कोटी २१ लाख किलोमीटर. जानेवारीपेक्षा ५० लाख किलोमीटर जास्त, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडं अधिक. ९५ चे तीन टक्के सुमारे तीन मिलिमीटर. बरोबर बसतं. एवढ्या अंतराने ऊन सुमारे सात टक्क्यांनी बदलतं. उलट, कलामुळे मध्यान्हीचा सूर्य डिसेंबरात ४७ अंशांवर आणि मेमध्ये ९० वर, आणि दिवसात सव्वादोन तासांहून जास्त फरक. सात टक्के त्यापुढे कुठे टिकणार? इंजिनिअरसाहेबांना दोन्ही ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून दाखवले. त्यांनी खिडकीसमोर धरून बराच वेळ बघितले आणि विचारलं, दक्षिण गोलार्धात मग काय? तिथे जानेवारीतच उन्हाळा, आणि तोही पृथ्वी जवळ असताना.

२३ जुलै २०२५

दिवसभर रिपरिप. दुसरी शून्य सावली नाशिकला कधी दिसेल असं वाटत नाही.

३० ऑगस्ट २०२५

गणपतीच्या आरतीचं सामान ठेवायला गच्ची मागितली होती, फरशीभोवती चौकट आखून दिली. १२.३५ ला ऊन आलं आणि ठिपका १३ एप्रिलच्या गोल केलेल्या खुणेच्या अगदी शेजारी पडला. वर्षभराच्या निळ्या खुणा जोडल्या की आठाचा आकडा होतो, तो इथे स्वतःला छेदतो. तेव्हा सूर्य उत्तरेकडे निघाला होता, आता दक्षिणेकडे परततोय. उंची जवळपास तीच, घड्याळातली वेळ तीच, आणि एप्रिलात टोपीशिवाय उभं राहवत नव्हतं. उन्हाचा कोन एकच असला तरी एप्रिलात जमीन कोरडी, आता चिखल.

७ सप्टेंबर २०२५

खग्रास चंद्रग्रहण. स्पर्श ९.५७ ला, पूर्ण झाकला अकराच्या सुमाराला, मध्य ११.४१, सुटायला मध्यरात्र उलटली. ढगांमुळे तुकड्यातुकड्यांत दिसलं. खालच्या आजींनी वेध पाळले होते, तरी अकराला स्वेटर घालून वर आल्या.

मुलांना एकच गोष्ट बघायला सांगितली होती : चंद्रावर चढणाऱ्या सावलीची कड. ती गोलाकार आहे, आणि धूसर आहे. डिसेंबरात पाईपच्या टोकाला जो धूसरपणा होता तोच हा. सूर्याची थाळी पृथ्वीमागून थोडी डोकावते तिथे विरळ सावली, पूर्ण झाकली जाते तिथे गडद. सईने विचारायच्या आत ओळखलं. कडेच्या वक्रतेवरून वर्तुळ पुरं केलं तर पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या साधारण पावणेतीनपट रुंद येते. दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा पाच अंश कललेली, बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. पूर्ण झाकलेला चंद्र काळा झाला नाही, तांबूस राहिला, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला उजेड तिथवर पोचतो.

३ नोव्हेंबर २०२५

निळी खूण मध्यरेषेच्या ८ सेंटिमीटर पूर्वेला. आज मध्यान्ह १२.१८ ला, वर्षातली सगळ्यात लवकर. आठाचा मोठा पोट असलेला भाग जवळजवळ पुरा झाला. वरचा छोटा फास पावसाने खाल्ला : जूनपासून ऑगस्टपर्यंत पाच-सहाच खुणा, त्याही ढगांच्या फटीतल्या.

सईचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात. फरशी उचलून नेता येणार नाही, म्हणून ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली, खुणांच्या तारखांसकट. सेक्रेटरीसाहेब म्हणतात मार्चमध्ये वॉटरप्रूफिंग आहे, कडप्पा हलवावा लागेल. हलवला तर शून्य पुन्हा काढावं लागेल, उत्तर पुन्हा काढावी लागेल. त्यांना सांगितलंय की २० मार्चच्या आत काम उरका, विषुवदिनाला फरशी जागेवर पाहिजे. कोल्हापूरची पट्टी तयार आहे, भोक ३ मिलिमीटर, कुरिअर उद्या.